एचपीव्हीची तपासणी एकट्या बायकांचीच का, आणि कोणाच्या वाट्याला कोणती?

अनघा_ठाणे
आमच्या कार्यालयाने यंदा कर्मचारी आणि त्यांच्या जोडीदारांसाठी आरोग्य तपासणीची सोय केली आहे. माझ्या यादीत रक्त, लघवी आणि सोनोग्राफीबरोबर पॅप स्मिअर (गर्भाशयमुखाच्या पेशी काढून काचेवर तपासणे) आहे. नवऱ्याच्या यादीत त्या जागी ट्रेडमिल चाचणी आहे. यादी वाचून त्याने विचारले, की गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण असलेला एचपीव्ही हा विषाणू स्त्री आणि पुरुष दोघांकडूनही पसरतो असे सगळीकडे लिहिलेले असते, मग तपासणी एकटीचीच का? मला समाधानकारक उत्तर देता आले नाही.

दुसरा प्रश्न माझा स्वतःचा आहे. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींची तपासणी त्यांच्या वस्तीतल्या शिबिरात झाली, ती "औषध लावून बघतात" त्या पद्धतीने. माझे पॅप स्मिअर होणार. माझ्या वहिनीने खासगी प्रयोगशाळेत पैसे भरून एचपीव्ही डीएनए चाचणी करून घेतली. तिघींचाही आजार एकच, तिघीही चाळिशीच्या आसपासच्या, आणि तपासण्या मात्र तीन. या तिन्हींची विश्वासार्हता सारखी आहे का? नसेल, तर कोणती कोणाला मिळावी हे ज्याच्या त्याच्या खिशाने ठरावे, हे न्याय्य आहे का? जाणकारांनी सविस्तर लिहावे.

वात्रट_वऱ्हाडी
ट्रेडमिलवर धावण्याऐवजी दरवर्षी स्पेक्युलमला (योनीमार्ग उघडा धरणाऱ्या उपकरणाला) सामोरे जाण्याची पाळी पुरुषांवर आली असती, तर घरच्या घरी नमुना घेण्याची काडी शास्त्रज्ञांनी ऐंशीच्या दशकातच शोधून काढली असती आणि ती पानटपरीवर मिळाली असती, एवढेच माझे विनम्र मत नोंदवून खाली बसतो.

सूक्ष्मदर्शक
मी विकृतिशास्त्राचा निवृत्त डॉक्टर आहे आणि नोकरीतली बरीच वर्षे पॅपच्या काचा पाहण्यात गेली आहेत, त्यामुळे थोडे लांबून सांगतो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर विषाणू कोणाला होतो यात नसून, तो सापडल्यावर आपल्याला काय करता येते यात आहे. गर्भाशयमुखाच्या बाबतीत तीन गोष्टी जुळून आलेल्या आहेत. विषाणू ठाण मांडून बसला तरी प्रत्यक्ष कर्करोग होण्यास सामान्यतः पंधरा ते वीस वर्षे लागतात. त्या मधल्या काळातील कर्करोगपूर्व बदल डोळ्यांना किंवा सूक्ष्मदर्शकाला दिसतात. आणि दिसलेला भाग अतिथंडीने गोठवून, उष्णतेने जाळून किंवा तारेच्या कडीने काढून टाकता येतो. पुरुषांमध्ये ही साखळी तुटते. एचपीव्हीमुळे होणारा घशाचा कर्करोग टॉन्सिलच्या खोल खाचांमध्ये सुरू होतो आणि गर्भाशयमुखासारखी दिसणारी, उपचार करता येण्याजोगी पूर्वावस्था तिथे सापडत नाही. शिश्नाचा कर्करोग विरळ असून तो बाहेरून दिसतो. पुरुषाची चाचणी करून "विषाणू आहे" असे सांगितले, तर पुढे करायचे काय? त्या विषाणूवर औषध नाही, आणि बहुसंख्य संसर्ग एक-दोन वर्षांत शरीर स्वतःच निपटून काढते. म्हणून सर्वसामान्य पुरुषांसाठी अशी तपासणी कोणताही देश करत नाही.

याच कारणाने तिशीच्या आतल्या मुलींचीही एचपीव्ही चाचणी सहसा करत नाहीत. त्या वयात संसर्ग पुष्कळ आणि टिकाऊ फार थोडे, त्यामुळे निष्कारण घबराट आणि निष्कारण उपचार पदरी पडतात.

मुक्ता_न
सूक्ष्मदर्शक यांचे जीवशास्त्र मान्य, परंतु त्याआड धोरण लपवले जाऊ नये. कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रिया आपल्याकडे जवळजवळ सगळ्या बायकांच्याच होतात, आणि पुरुषांची शस्त्रक्रिया सोपी असते हे कोणत्याही सर्जनला विचारा. तिथे जीवशास्त्र पुरुषांच्या बाजूने असूनही टेबलावर बाईच चढली. तेव्हा "शरीररचनाच तशी आहे" हे उत्तर मी जरा तपासूनच घेते. तपासणी पुरुषांची होऊ शकत नसेल तर लस त्यांना देता येते ना? मग मुलग्यांच्या लसीचा विषय निघाला की "आधी मुलींचे होऊ द्या" असे का म्हटले जाते?

शिशिर_मेलबर्न
ऑस्ट्रेलियाचा अनुभव येथे उपयोगी पडावा. शाळेत मुलींना लस २००७ पासून आणि मुलग्यांना २०१३ पासून मिळते. माझ्या मुलाला आणि मुलीला दोघांनाही शाळेतच लस मिळाली आणि त्याची घरात चर्चादेखील झाली नाही, ती धनुर्वाताच्या इंजेक्शनाइतकीच साधी गोष्ट ठरली. ब्रिटनमध्ये मुलग्यांना हीच लस २०१९ पासून मिळू लागली.

तपासणीत इथे डिसेंबर २०१७ पासून पॅप बंद करून थेट एचपीव्ही चाचणी आणली आहे. वय २५ ते ७४, आणि अहवाल निर्दोष आला तर पुढची चाचणी पाच वर्षांनी. १ जुलै २०२२ पासून प्रत्येक पात्र स्त्रीला स्वतःचा नमुना स्वतः घेण्याचा पर्याय आहे. माझी पत्नी दवाखान्यात गेली, नर्सने लांब कापूसकाडीची नळी हातात दिली, पडद्याआड जाऊन तिने ती योनीमार्गात काही सेकंद फिरवली, नळीत परत घातली आणि आणून दिली. स्पेक्युलम नाही, पाय अडकवायचे टेबल नाही. वऱ्हाडी यांची काडी पानटपरीवर नसली तरी अस्तित्वात आहे, हे नमूद करतो.

मीरा_धाराशिव
अनघाताईंच्या दुसऱ्या प्रश्नावर लिहिते, कारण त्याचे उत्तर ज्या अभ्यासातून निघाले तो आमच्याच जिल्ह्यात झाला. मी आरोग्य खात्यात पर्यवेक्षिका आहे.

बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाने टाटा स्मारक रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या साथीने १९९९ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हे काम सुरू केले. गावांचे ५२ समूह पाडून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा त्यात समावेश केला. या समूहांचे चार गट केले: एका गटाला एचपीव्ही चाचणी, दुसऱ्याला पॅप, तिसऱ्याला औषध लावून पाहण्याची चाचणी, आणि चौथ्याला प्रचलित आरोग्य सेवा, म्हणजे प्रत्यक्षात तपासणी नाही. आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आयुष्यात केवळ एकदा केलेल्या एचपीव्ही चाचणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्याने घटले होते: तपासणी नसलेल्या गटात ६४, एचपीव्हीच्या गटात ३४. पॅप आणि औषध लावून पाहण्याची चाचणी यांच्या गटांत मृत्यूंमध्ये लक्षणीय घट दिसली नाही. "तुम्हाला काही नाही" असे ज्यांना सांगितले होते, त्यांच्यात पुढे कर्करोग निघण्याचे प्रमाण एचपीव्हीच्या गटात इतर दोन गटांच्या सुमारे पावपट होते.

म्हणजे जगाने ज्याच्या आधारे आपली धोरणे बदलली, तो पुरावा भूम-परंड्याच्या बाजूच्या बायकांनी दिला, आणि त्यांच्या मुली-सुनांना आजही उपकेंद्रात औषध लावूनच बघितले जाते. अनघाताई, न्यायाचा प्रश्न मला इथे दिसतो.

सूक्ष्मदर्शक
मीराताईंचे आकडे बरोबर आहेत. एक पुस्ती जोडतो, नाहीतर औषध लावून पाहण्याच्या चाचणीवर अन्याय होईल. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांमध्ये दुसरा अभ्यास केला. तिथे दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक स्त्रियांना चार आठवड्यांचे प्रशिक्षण देऊन हीच चाचणी दर दोन वर्षांनी, चार फेऱ्यांत केली, आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. तेव्हा ही पद्धत निरुपयोगी नाही. परंतु ती पुन्हा पुन्हा, चांगल्या देखरेखीखाली करावी लागते. पाच वर्षांतून एकदा घाईगर्दीच्या शिबिरात केली तर तिच्याकडून मुंबईच्या निकालाची अपेक्षा धरू नये. पॅपचेही तसेच आहे. पाश्चात्त्य देशांत त्याने मृत्यू घटले ते अनेक दशके, ठराविक अंतराने आणि प्रयोगशाळांची गुणवत्ता कसोशीने सांभाळून. एका वेळच्या पॅपमध्ये बदल निसटण्याची शक्यता बरीच असते. थकलेल्या डोळ्यांनी दिवसाची शेवटची काच पाहणे काय असते, ते मी जाणतो.

कोकणी_खवचट
हे शिबिरात नेमके काय करतात ते कोणी सांगेल का? आमच्या सौ. दोन वर्षे "जाऊ, जाऊ" म्हणत आहेत आणि भीतीचे कारण विचारले की "काय करतात ते माहीत नाही" एवढेच सांगतात.

मीरा_धाराशिव
टेबलावर झोपवतात, स्पेक्युलम घालून गर्भाशयमुख दिसेल असे करतात, आणि तीन ते पाच टक्क्यांचे ॲसिटिक ॲसिड, म्हणजे साधारण व्हिनेगरच, कापसाच्या बोळ्याने लावतात. मग नर्सबाई घड्याळाकडे पाहत एक मिनिट थांबते. बदललेल्या पेशी असतील तर दाट पांढरा, कडा स्पष्ट असलेला चट्टा उमटतो. किंचित चुरचुरते, रक्त काढत नाहीत, सुई नाही. निकाल जागेवरच मिळतो, आणि हा या पद्धतीचा खरा गुण आहे, कारण "अहवाल न्यायला पुढच्या मंगळवारी या" असे सांगितलेल्या बायकांपैकी कितीजणी रोजगार बुडवून परत येतात ते मला ठाऊक आहे.

अडचणीही सांगते. सगळा खेळ उजेडाचा आणि नजरेचा आहे. बॅटरीचे सेल उतरलेले असले की सगळेच पिवळट दिसते. दोन नर्सबाई एकाच चट्ट्याबद्दल दोन मते देतात. पाळी गेल्यानंतर जिथे बदल होतात ती कड आत सरकते आणि बाहेरून दिसतच नाही. आपल्या कार्यक्रमाची वयोमर्यादा मात्र ३० ते ६५ आहे. पंचावन्न वर्षांच्या बाईला या पद्धतीने "निर्दोष" लिहून देताना माझा हात अडखळतो.

कायद्याची_पायरी
उस्मानाबादच्या अभ्यासाचा इतका गौरव झाल्यावर दुसरी बाजूही नोंदली जावी. मुंबई, उस्मानाबाद आणि तमिळनाडूतील दिंडिगल या तीन अभ्यासांमध्ये मिळून लाखाहून अधिक स्त्रिया "तपासणी नाही" अशा गटांत ठेवल्या गेल्या, आणि त्या गटांत २५४ स्त्रियांचा या कर्करोगाने मृत्यू झाला. तपासणीने जीव वाचतो हे त्याआधी कित्येक दशके ठाऊक असताना अशी तुलना करणे नीतीला धरून होते का, ही टीका वैद्यकीय नीतिशास्त्राच्या नियतकालिकांत झाली. या स्त्रियांना आपण कशासाठी संमती देत आहोत हे नीट समजावले होते का, हाही आक्षेप घेतला गेला. अमेरिकेच्या पैशावर झालेल्या संशोधनाने अमेरिकी स्त्रीला असे बिनतपासणीचे ठेवले असते का, याचे उत्तर सर्वांना माहीत आहे. तपासणीतील न्यायावर चर्चा करताना ज्यांच्या जिवावर ज्ञान मिळाले त्यांना गाळून चालणार नाही.

सूक्ष्मदर्शक
आक्षेप गंभीर आहे आणि मी तो झटकून टाकत नाही. अभ्यासकांची बाजू अशी होती, की भारतात संघटित तपासणी कोणालाच मिळत नव्हती, म्हणून चौथ्या गटाकडून काहीही काढून घेतलेले नाही. आणि पॅप आपल्या खेड्यांत उपयोगी पडेल की नाही हे खरोखरच अनिश्चित होते. निकालाने ती शंका रास्त ठरवली.

कायद्याची_पायरी
"मुळातच काही मिळत नव्हते, म्हणून न दिल्याने काही बिघडले नाही" हा युक्तिवाद गरिबाच्या विरोधात नेहमीच जिंकतो, म्हणूनच तो मला पटत नाही. अनिश्चितता तीन पद्धतींची एकमेकींशी तुलना करूनही दूर झाली असती.

मीरा_धाराशिव
दोघांच्या मध्ये पडते. चौथ्या गटातल्या बायकांचे ऋण फेडण्याचा एकच मार्ग होता, तो म्हणजे २००९ च्या निकालानंतर ती चाचणी त्यांच्या गावात नेणे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, देशातल्या ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी कधीतरी ही तपासणी झालेल्या दोन टक्केसुद्धा नव्हत्या. कोणती पद्धत श्रेष्ठ यावर आपण भांडतो आहोत, आणि शंभरातल्या अठ्ठ्याण्णव जणींना कोणतीच मिळालेली नाही.

गुरुजी_केज
मी बीड जिल्ह्यात शिक्षक आहे आणि माझ्या वर्गातली निम्मी मुले दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर ऊसतोडीच्या फडावर जातात. या धाग्यावर मला वेगळी गोष्ट मांडायची आहे. आमच्याकडे "कॅन्सर" या शब्दाचा सर्वांत जास्त उपयोग तपासणीसाठी झालेला नाही, तो पिशवी काढण्यासाठी झाला आहे.

अंगावरून पांढरे जाते, ओटीपोटात दुखते म्हणून बाई दवाखान्यात गेली, की सोनोग्राफी करून "पिशवी खराब आहे, ठेवली तर कॅन्सर होईल" असे सांगायचे. फडावर एक दिवसाचा खाडा झाला तर कोयत्याला, म्हणजे जोडीला, दंड बसतो. पाळीच्या दिवसांत तिथे ना पाणी ना आडोसा. मुकादमाची उचल घेऊन शस्त्रक्रिया होते आणि ती फेडायला पुढचा हंगाम जातो. २०१९ मध्ये हे प्रकरण विधिमंडळात गाजले आणि समिती नेमली गेली. त्या वेळच्या सर्वेक्षणात ऊसतोडीला जाणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली, आणि त्यांतल्या पुष्कळजणी चाळिशीच्या आतल्या होत्या.

पांढरे जाणे हे बहुतेक वेळा साध्या, औषधाने बऱ्या होणाऱ्या जंतुसंसर्गाचे लक्षण असते. त्या बाईची एचपीव्ही चाचणी झाली असती, तर दहापैकी नऊजणींना "तुम्हाला काही नाही, पुढची पाच वर्षे निर्धास्त राहा" असे लिहून देता आले असते. स्वस्त आणि खात्रीची चाचणी नसली, की तिच्या जागी भीतीचा धंदा उभा राहतो.

सूक्ष्मदर्शक
गुरुजींनी सांगितलेले प्रमाण योग्यच आहे. उस्मानाबादेत चाचणी केलेल्यांपैकी सुमारे दहा टक्के स्त्रियांतच विषाणू सापडला होता, आणि त्यांनाही पिशवी काढण्याची गरज नसते. विषाणू आढळला तर गर्भाशयमुख तपासायचे, बदल दिसला तर तेवढ्याच भागावर उपचार करायचा. बॅटरीवर चालणारे हातातले उपकरण मिळते, त्याने मिनिटाभरात तो भाग उष्णतेने नष्ट करता येतो आणि बाई चालत घरी जाते.

निळा_पारवा
इथवर सर्व चर्चा स्त्री आणि तिचा नवरा अशी चालली आहे, म्हणून लिहितो. मी समलिंगी पुरुष आहे. सूक्ष्मदर्शक म्हणतात की पुरुषांमध्ये करण्याजोगे काही नाही, परंतु गुदद्वाराच्या कर्करोगाच्या बाबतीत ते आता खरे राहिलेले नाही. तिथेही गर्भाशयमुखासारखी पूर्वावस्था असते. एचआयव्हीसह जगणाऱ्या ३५ वर्षांवरील व्यक्तींमध्ये, स्त्री-पुरुष दोन्ही, ती पूर्वावस्था शोधून काढून टाकली तर कर्करोगाचे प्रमाण ५७ टक्क्यांनी घटते, हे अमेरिकेतील मोठ्या अभ्यासाने २०२२ मध्ये दाखवले. त्यानंतर एचआयव्ही असलेल्या समलिंगी पुरुषांनी पस्तिशीपासून तपासणी करून घ्यावी अशी तज्ज्ञांची शिफारसही आली. आपल्याकडे एचआयव्हीची मोफत औषधे देणारी केंद्रे जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत, दरमहा रुग्ण येतात, वजन होते, क्षयाची चौकशी होते; हा प्रश्न मात्र मला आजवर कोणी विचारलेला नाही.

मुलींना लस दिली की मुलगे आपोआप सुरक्षित होतात, या हिशेबातही आम्ही नसतो. ब्रिटनने हे ओळखून पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांसाठी ४५ वर्षांपर्यंत वेगळी लस योजना २०१८ मध्येच आणली.

आणखी एक. माझ्या एका मित्राची कागदपत्रे आता पुरुष म्हणून आहेत, परंतु त्याला गर्भाशयमुख आहे. प्रयोगशाळेच्या संगणकाने "पुरुष" या नोंदीवर पॅपची मागणी स्वीकारलीच नाही, आणि काउंटरवरच्या बाईंनी भरल्या प्रतीक्षालयात मोठ्याने कारण विचारले. तो पुन्हा गेलेला नाही.

सूक्ष्मदर्शक
निळा पारवा यांची दुरुस्ती योग्य आहे आणि मी "सर्वसामान्य पुरुष" हे शब्द त्याच अर्थाने वापरले होते. ज्यांना धोका अनेक पटींनी अधिक आहे त्यांची तपासणी वेगळी असायलाच हवी. एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका सुमारे सहापट असतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना त्यांची तपासणी तिशीऐवजी पंचविसाव्या वर्षापासून आणि दर तीन ते पाच वर्षांनी करायला सांगते.

समुपदेशक_नाशिक
एचपीव्ही चाचणी सर्वत्र आणा असे म्हणणाऱ्यांना मला एक सावधगिरीचा शब्द सांगायचा आहे. पॅपमध्ये "पेशींत बदल" असे लिहून येते आणि घरात कोणाला फारसे कळत नाही. एचपीव्हीच्या अहवालावर "पॉझिटिव्ह" येते, आणि हा लैंगिक संबंधातून पसरणारा विषाणू आहे हे मोबाइलवर पाहायला दोन मिनिटे पुरतात. माझ्यासमोर बसलेल्या एका जोडप्यात नवरा म्हणत होता की हिने कुठून आणला, आणि ती खाली मान घालून पदर पिळत बसली होती. त्याची चाचणी होत नाही, त्यामुळे कागदावर दोषी ती एकटीच. अनघाताईंच्या यजमानांनी विचारलेला प्रश्न मला म्हणूनच गंभीर वाटतो. तपासणी एकीचीच असली की आळही एकीवरच येतो.

मी प्रत्येकीला आणि शक्य तर तिच्या नवऱ्याला दोन वाक्ये आवर्जून सांगतो. हा विषाणू लैंगिक आयुष्यात बहुतेक प्रत्येक स्त्री-पुरुषाला कधी ना कधी होऊन जातो. आणि तो वर्षानुवर्षे निद्रिस्त राहू शकतो, त्यामुळे तो कधी आणि कोणाकडून आला हे कोणतीही चाचणी सांगू शकत नाही.

अविवाहित_आणि_आनंदी
समुपदेशक यांच्या मुद्द्याची दुसरी बाजू. मी ३६ वर्षांची, अविवाहित. पॅप करायला गेले तर अर्जात "लग्न झाले आहे का" हा एकच रकाना. "नाही" लिहिले तर बाई म्हणाल्या, मग तुम्हाला गरज नाही. त्यांना जे विचारायचे होते ते त्यांनी विचारले नाही आणि मी सांगावे असा तो प्रसंगही नव्हता. लग्नाचा दाखला पाहून विषाणू प्रवेश करत नाही, एवढे तरी अर्ज छापणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

वात्रट_वऱ्हाडी
मंगळसूत्र पाहून तपासणी आणि पत्रिका पाहून लस, असा शासन निर्णय निघण्याआधी हा धागा मंत्रालयात पाठवावा.

पेठेतला_शंकासुर
लसीचा विषय निघालाच आहे, तर आंध्र आणि गुजरातमध्ये मुलींवर झालेल्या प्रयोगाचे काय? मुली दगावल्या होत्या ना? आता तीच लस आपल्या पोरांना टोचायची?

कायद्याची_पायरी
२००९-१० मध्ये खम्मम आणि वडोदरा जिल्ह्यांत झालेल्या त्या प्रकल्पात सात मुलींचे मृत्यू झाले. चौकशीत ते लसीमुळे झाल्याचे आढळले नाही. त्यांत सर्पदंशासारखी कारणेही होती. परंतु संमतीपत्रांवर वसतिगृहाच्या अधीक्षकांनी सह्या केल्या, पालकांना विचारलेच नाही, यावर संसदीय समितीने २०१३ मध्ये कडक ताशेरे ओढले आणि ते रास्त होते. लस सदोष होती असे म्हणणे आणि ती देण्याची रीत सदोष होती असे म्हणणे, यांत फरक आहे.

मीरा_धाराशिव
त्या गदारोळाचा एक परिणाम फारसा कोणाला ठाऊक नाही. २०१० मध्ये सरकारने देशभरचे अशा लसींचे अभ्यास थांबवले, त्यात बार्शी, पुणे, मुंबई इत्यादी ठिकाणी चाललेला वेगळाच अभ्यासही अडकला. त्यातल्या हजारो मुलींना ठरलेले डोस मिळाले नाहीत, काहींना एकच मिळाला. पुढे दशकभर त्यांच्यावर लक्ष ठेवल्यावर एका डोसचे संरक्षणही तितकेच टिकाऊ असल्याचे २०२१ मध्ये दिसले. आज अनेक देश एकच डोस देतात, त्यामागच्या पुराव्यात या मुलींचा मोठा वाटा आहे.

आणि मुक्ताताई, मुलग्यांबद्दल. पुण्याच्या सीरम संस्थेच्या लसीला २०२२ मध्ये परवानगी मिळाली. तिची चाचणी ९ ते २६ वयाच्या मुली आणि मुलगे दोघांवरही झाली होती. तेव्हा अडथळा विज्ञानाचा नाही. डोस मर्यादित असतील तर मी आधी मुलींनाच देईन, कारण देशात २०२२ मध्ये या कर्करोगाचे सुमारे सव्वा लाख नवे रुग्ण आणि जवळपास ऐंशी हजार मृत्यू नोंदले गेले, आणि ते सगळे स्त्रियांचे. परंतु ज्यांना विकत घेणे परवडते त्यांनी मुलगी आणि मुलगा असा भेद करू नये.

मुक्ता_न
या क्रमाला माझी हरकत नाही, फक्त "आधी" या शब्दापुढे तारीख असावी.

शिशिर_मेलबर्न
यजमानांच्या ट्रेडमिलबद्दल कोणीच बोलले नाही. भारतीय पुरुषाचा तोंडाचा कर्करोग मुख्यतः तंबाखू-सुपारीचा, एचपीव्हीचा वाटा त्यात थोडा. परंतु तिरुवनंतपुरमच्या मोठ्या अभ्यासात तंबाखू किंवा दारूचे सेवन करणाऱ्यांचे तोंड केवळ उजेडात नीट पाहिल्याने मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले होते. सरकारी कार्यक्रमात तिशीपुढच्या स्त्री-पुरुष दोघांसाठीही ही तपासणी आहे. पुरुषांचीही काही तपासणी हवी असेल, तर ती मागावी.

अनघा_ठाणे
सर्वांचे मनापासून आभार. नवऱ्याला त्याचे उत्तर मिळाले आणि ते वाचून त्याने आमच्या बारा वर्षांच्या मुलाच्या लसीची चौकशी केली. मी मनुष्यबळ विभागाला लिहिले, की पॅपऐवजी तिशीपुढील स्त्रियांना पाच वर्षांतून एकदा एचपीव्ही चाचणी द्यावी, स्वतः नमुना घेण्याचा पर्याय असावा, आणि अर्जातून लग्नाचा रकाना काढावा. दरवर्षीच्या पॅपपेक्षा हा खर्च जास्त होणार नाही असा हिशेबही जोडला. कंत्राटी सफाई कर्मचारी स्त्रियांनाही यात घ्यावे असे लिहिले, त्यावर मात्र "त्या आमच्या यादीवर नाहीत" असे उत्तर आले आहे. तो मुद्दा मी सोडलेला नाही. नमुना स्वतः घेतला तर निकाल तितकाच भरवशाचा असतो का, एवढे सूक्ष्मदर्शक यांनी सांगावे.

सूक्ष्मदर्शक
विषाणूचा डीएनए शोधणारी, त्या डीएनएच्या प्रती वाढवून पाहणारी चाचणी असेल तर जवळपास तितकाच भरवशाचा असतो. स्वतः घेतलेल्या नमुन्यावर पॅप मात्र करता येत नाही, कारण त्यात गर्भाशयमुखाच्या पेशी पुरेशा येत नाहीत. म्हणून विषाणू आढळला तर प्रत्यक्ष तपासणीला जावेच लागते. तुमच्या पत्रात ती पुढची तपासणी आणि उपचार यांचा खर्च कोण करणार हे लिहिले नसेल तर आजच लिहा; चाचणी करून देऊन पुढे हात वर करणारे कार्यक्रम मी पाहिले आहेत.

नवीन_सदस्य_सांगली
धागा उशिरा वाचला. माझी आई ५८ वर्षांची आहे, पाळी जाऊन सहा-सात वर्षे झाली, आणि दोन आठवड्यांपासून अधूनमधून अंगावर लाल जाते आहे. गावात पुढच्या महिन्यात तपासणी शिबिर आहे. तिला तिथे न्यावे की खासगीत एचपीव्ही चाचणी करून घ्यावी?

सूक्ष्मदर्शक
दोन्ही नको. वर चर्चिलेल्या सगळ्या तपासण्या काहीही त्रास नसलेल्या स्त्रियांसाठी आहेत. पाळी गेल्यानंतर रक्तस्राव झाला तर ती तपासणीची नाही, निदानाची वेळ असते, आणि एचपीव्हीचा अहवाल निर्दोष आला तरी गर्भाशयाच्या अस्तराचा प्रश्न शिल्लक राहतो. कारण साधेही असू शकेल, परंतु शिबिराची वाट न पाहता याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञाकडे न्या. जिल्हा रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालयाचा बाह्यरुग्ण विभागही चालेल. रक्तस्राव केव्हा सुरू झाला आणि कोणती औषधे चालू आहेत ते कागदावर लिहून न्या, आणि पिशवी काढण्याचा सल्ला मिळाला तर आधी बायोप्सीचा अहवाल मागा.